सांडव्यात जागा घालवू नका

ट्रॅक्टर झाला, चारचाकी झाली, पोराचं लग्न लॉनवर झालं. आता गावात नाव व्हायला उरलं काय? धरण. विहीर कुणाच्याही रानात असते. बोअर सातशे फूट खाली जाऊन नुसता फुफाटा वर काढतो. शेततळ्याचा कागद उंदरांनी कुरतडला की त्या खड्ड्यात शेरडं चरतात. पण नाल्याला आडवी माती टाकून अडवलेलं, मालकीचं पाणी आणि त्याच्या पाळूवर संध्याकाळी खुर्ची टाकून बसलेले तुम्ही! या सुखाला मराठवाड्यात तोड नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरू नका. तेव्हा तुमचं धरण असतं, तर निदान तुमच्या उसाला तरी रेल्वेची वाट बघावी लागली नसती.

जागेचा प्रश्न सोपा आहे. दोन्ही काठांचा सातबारा आपला असला की मधलं पाणीही आपलंच, असा आपल्याकडे समज आहे. तो समज तपासत बसू नका. कायद्याचंही दडपण नको. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काहींना लागू होतो. तुमचं सात मीटरचं. त्या कायद्याच्या यादीत न बसणारं पाणी अंगावर आलं तरी माणूस भिजत नाही, असं धरून चाला.

आता गुत्तेदार गाठा. इंजिनिअर गाठू नका, तो पैसे खाली पुरायला सांगतो. म्हणे आधी कठीण मुरूम लागेपर्यंत पायात चर खणा, ती चिकणमातीने भरा, मधला गाभाही त्याच मातीचा करा, वीत-वीतभर थर टाकून पाणी मारा, रोलर फिरवा, बाहेरून मुरमाचं कवच द्या, पाण्याच्या अंगाला दगड लावा. पोकलेनचं भाडं तासावर असतं, हे याला कुणी सांगायचं? त्यापेक्षा हायवाने माती आणा, ढीग ओता, वरून पोकलेन दोनदा फिरवा. झालं. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. थर ओला करून धुम्मस मारल्याशिवाय मुकादम दुसरी पाटी टाकू देत नव्हता, असं सांगायची. तो तलाव आजही उभा आहे. पण तेव्हा लोकांना कामधंदा नव्हता, म्हणून ते एवढं नीट करत.

गाभ्यात घालायची काळी माती वरपासून खालपर्यंत उघडीच वापरली तरी चालेल. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतील. त्याला वायुविजन म्हणा.

आणि सांडवा? छे! भरावाच्या एका टोकाला, पाळूच्या माथ्याहून खाली, चांगली रुंद वाट पाण्याला जाण्यासाठी सोडायची. म्हणजे आधी लाखो रुपये घालून पाणी अडवायचं आणि मग त्याला जायला रस्ताही आपणच करून द्यायचा. त्या जागेत मोसंबीची पंधरा-वीस झाडं बसतात. सरासरीच जिथे पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे जास्त पाणी येणार कुठून?

हिशेब करायचाच तर एकदाच करा आणि विसरून जा. वर शंभर हेक्टरांचं पाणलोट असेल आणि एका रात्री शंभर मिलिमीटर पडला, तर होतं दहा कोटी लिटर. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. निम्मं पाणी रानात जिरलं तरी पाच हजार टँकर पहाटेपर्यंत तुमच्या दारात. एरवी एका टँकरसाठी पंचायत समितीत हेलपाटे घालणारे आपण. एवढे आयते आले तर नाही कशाला म्हणायचं?

पाळूवर बाभळी आपोआप येतात, त्या तोडू नका. शोभा येते. मुळं पार आतपर्यंत जातात आणि झाड वाळलं की पाण्याला तयार पाइप मिळतो. घुशींचं, खेकड्यांचंही स्वागत करा, ते पुढे कामाला येतात. २०१९ च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, गावातली माणसं गेली, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांकडेच बोट दाखवलं होतं. एवढा स्वस्त आरोपी दुसरा नाही. तो वकील लावत नाही.

माझ्या मामांनी हे सगळं तंतोतंत पाळलं. बालाघाटाच्या उतारावर त्यांचं तळं. दुसऱ्या पावसाळ्यात भरावाच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी, हाताच्या पंजाएवढी ओल दिसली. आठवड्यात तिथून करंगळीएवढी धार लागली. पाणी नितळ. मामांनी ओंजळीने पिऊन पाहिलं, म्हणाले, "झरा लागला! देवीची कृपा." शेंदूर लावला, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मामी रोज दिवा लावायला जायची. भाद्रपदात धार मनगटाएवढी झाली आणि पाणी गढूळ यायला लागलं. गढूळ याचा अर्थ भरावातली माती आतून वाहून चालली. मामांच्या मते देवी तृप्त होत होती. मीही तिथेच उभा होतो आणि मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, हेही सांगून टाकतो.

परतीच्या पावसाने एका रात्री बाकीचं उरकलं. पाणी पाळूवरून पडायला लागलं, पायथ्यापासून माती खात वर आलं आणि झऱ्याच्या जागी बैलगाडी जाईल एवढी वाट करून गेलं. म्हणजे सांडवा शेवटी झालाच, तोही फुकट. खालच्या भावकीची चार एकर सोयाबीन खरडून गेली. पंचनाम्यात अतिवृष्टी लिहिलं, तेव्हा मामांच्या जिवात जीव आला.

चौथ्या दिवशी चुलतभाऊ आला. दारात चप्पल काढली, चिखलाने माखलेला नारळ ओसरीवर ठेवला, आणि म्हणाला, "आप्पा, तुमचा झरा आमच्या रानात आलाय. माघारी नेता का तिथंच पुजू?"