'काही घडलंच नाही'?

'एक क्रीडाप्रेमी' यांस,

बेसबॉलपटू जॅक मॉरिसच्या दहा इनिंगवर मी लिहिलेल्या परवाच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'ताई, तुमच्या मिनेसोटातल्या थंडीच्या पोस्ट छान असतात, पण खेळ हा तुमचा प्रांत नाही. दहा इनिंगमध्ये काही घडलंच नाही आणि केवढं ते कौतुक! पिचचा आकडाही चुकलाय. जॅक मॉरिसचा कारकिर्दीचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणारे रन) ३.९० आहे हे लिहायचं राहिलं का? समोरचा अटलांटाचा पिचर स्मॉल्ट्झही तितकाच भारी होता.'

आधी चूक कबूल. १९९१च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या मॅचमध्ये मिनेसोटाच्या ट्विन्स संघाकडून मॉरिसने १२६ पिच (बॅटरला टाकलेले बॉल) टाकले, मी १३६ लिहिलं. दुरुस्त केलंय. आभार.

आता 'ताई'. माझा धाकटा भाऊ ताई म्हणतो तेव्हा बरं वाटतं. तुमच्या ताईमागून काय येणार हे मला स्वल्पविरामालाच कळलं. लेख आवडला नाही, ठीक आहे. पण माझा प्रांत कोणता हे ठरवायला तुम्हाला कोणी बोलावलं होतं?

विषय काढलाच आहे तर ऐका. आठवीपासून मी वडिलांच्या क्रिकेट क्लबचं स्कोअरबुक भरायचे. मांडीवर वही, शेजारी शेंगदाण्याची पुडी, हलू नकोस म्हणून ओरडा. रन निघाला नाही की टिंब. ओव्हरभर टिंबंच पडली की ती जोडून 'एम' करायचा: मेडन. बघणारे म्हणायचे, काय कंटाळवाणी ओव्हर. माझी पेन्सिल मात्र सहा वेळा टेकलेली असायची. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ ओव्हर टाकल्या, २७ मेडन, ५ रन, विकेट एकही नाही. तिथेही काही घडलं नसणार, नाही का?

बरं, मिनियापोलिसचा मेट्रोडोम, ट्विन्सचं मैदान. आठवी इनिंग, ०-०. फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस गाठत होमला पोचलं की एक रन. अटलांटाचा लॉनी स्मिथ फर्स्ट बेसवर, पेंडलटनचा फटका लेफ्ट-सेंटरच्या पार खोलात. स्मिथ आरामात होमला पोचायचा. पण ट्विन्सच्या नॉब्लॉकने बॉल आपल्याकडेच आल्याचं नाटक केलं. स्मिथ सेकंडपाशी घुटमळला आणि थर्डपर्यंतच पोचला. तरी सेकंड-थर्डवर माणसं, आऊट एकही नाही. एक उंच फटका लांबवर झेलला गेला असता तरी थर्डवरचा धावून रन होता! मॉरिसने तो जाऊ दिला नाही. गँटचा मिळमिळीत ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) फर्स्ट बेसकडे, गँट आऊट, स्मिथ थर्डवर तसाच. जस्टिसला मुद्दाम वॉक, म्हणजे फर्स्ट बेस फुकट, देऊन बेस भरले. मग ब्रीमचा ग्राउंडर फर्स्ट बेसवरच्या हर्बेककडे. हर्बेकने होमवर कॅचर हार्परला दिला, हार्परने परत हर्बेकला. डबल प्ले, म्हणजे एका फटक्यात दोन आऊट; एकूण तीन, इनिंग खलास. इथल्या स्कोअरबुकात हे ३-२-३ असं लिहितात: ३ फर्स्ट बेसवाला, २ कॅचर. रेकॉर्डिंग थांबवून थांबवून मी ते स्वतः लिहिलंय, आणि लिहिताना हात कापत होता. तुमच्या लेखी टिंब.

मॉरिस तेव्हा छत्तीस वर्षांचा, शेजारच्या सेंट पॉलमध्येच जन्मलेला. ठरलेल्या नऊ इनिंग ०-० झाल्यावर मॅनेजर टॉम केली त्याला बसवणार होता. हा गडी दहावी टाकायला गेलाच. त्यानंतर ट्विन्सच्या बॅटिंगला ग्लॅडनचा मोडक्या बॅटचा डबल (थेट सेकंड बेस गाठून देणारा फटका), पुढे बेस भरलेले, आणि पुढे सरकलेल्या फील्डरांच्या डोक्यावरून लार्किनचा फटका. १-०, ट्विन्स जिंकले. या वाक्यापुरता तुमच्यासारख्यांना खेळ दिसतो.

ईआरए हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता पडत नाही. स्मॉल्ट्झ वाईट होता असं मी कुठे म्हटलंय? लेख पुन्हा वाचा. किंवा आता पहिल्यांदा वाचा.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त ते 'ताई' पुढच्या वेळी गाळा. आणि हो, थंडीची पोस्ट रविवारी येतेय.