फोनवर फरक दिसत नाही, हे खरं; पण प्रश्न तेवढाच नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करतं म्हणून मी उगाच ओरड करतो; फोनच्या पडद्यावर काहीच फरक कळत नाही; कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल अशी लहान करणं, नसतं तर रेंज धड नसलेल्या गावांत फोटो पोचलेच नसते; आणि लोकांना आठवण हवी असते, पिक्सेल नव्हेत. पणजोबांच्या मोडी वहीची पानं तुमच्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकली आणि ती ‘व्यवस्थित दिसली’, असंही तुम्ही लिहिलंत.

रेंजबद्दल आपलं एकमतच आहे. कॉम्प्रेशन ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. जेपेग ही फोटोची फाइल लहान करून साठवायची नेहमीची पद्धत; तिच्या मुळाशी जे गणित आहे, ते बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. 1992 मध्ये जेपेग प्रमाणित झालं. चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले सावकाश बदलणारे उजेड-छायेचे भाग जपायचे आणि अगदी बारीक, झटपट बदलणारे तपशील ढोबळ करून टाकायचे. रंगांची माहिती तर बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीच्या चौथाईवर आणली जाते, कारण डोळ्याला रंगातली बारीक उणीव सहसा जाणवत नाही. आकाश, भिंत, गाल यांना हे छान मानवतं.

मोडीच्या पानाला मात्र मानवत नाही. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली न थांबता, जोडत जोडत लिहिलेलं असतं. अक्षर ओळखायचं ते गाठीवरून आणि वळणावरून. हिशेबाची वही असेल तर पाव, अर्धा, पाऊण हे एक, दोन, तीन उभ्या बारीक रेघांनी दाखवलेले असतात. जेपेग आधी ढोबळ करतं ते नेमके हेच तपशील. शाईच्या कडेला करडे ठिपके उठतात, शेजारच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. एक रेघ गेली की चार आणे गेले. पान ‘दिसतं’, पण जाणकारापुढे ठेवलं तर तो अडतो, आणि मूळ वही तोवर वाळवीने खाल्लेली असते.

त्याआधी अ‍ॅप फोटोचं मापही कमी करतं, ते वेगळंच. साध्या 12 मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू 4000 पिक्सेल असते. ती 1600 वर आणली की सव्वा कोटीच्या आसपासचे पिक्सेल 19 लाखांवर येतात. फोनवर खरंच कळत नाही. पण आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की घाईघाईने 12 बाय 18 इंचांची फ्रेम करायला फोटो शोधतात, आणि हाती असतो तो ग्रुपवरचा. तो तेवढा ताणला की इंचाला जेमतेम 89 पिक्सेल उरतात. मग स्टुडिओवाला एआयने चेहरा ‘धारदार’ करून देतो. तुम्ही हा उपाय सुचवलात, पण मला तोच सगळ्यांत जास्त खुपतो. गेलेला तपशील परत येत नाही; मशीन अंदाजाने नवा रचतं. हनुवटीवरचा व्रण पुसला जातो, डोळे कुणा दुसऱ्याचेच होतात. त्या फ्रेमला हार घालायचा असतो हो.

‘कॉम्प्रेशन एकदाच होतं’ हे तुमचं म्हणणं थेट फॉरवर्डपुरतं बरोबर आहे. त्यात साधारण तीच फाइल पुढे जाते. पण माणसं स्टेटसवरून स्क्रीनशॉट काढतात, कापतात, फेसबुकवर चढवतात, तिथून उतरवून पुन्हा ग्रुपवर टाकतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर नव्याने छाटणी होते. शिवाय फोटो कधी काढला, ही फाइलमधली नोंद पहिल्याच फेरीत पुसली जाते. अँड्रॉइडवर नावात ‘डब्ल्यूए’ असलेल्या फाइलीतली तारीख फोटो पोचल्याची असते, काढल्याची नव्हे. आणखी वीस वर्षांनी कुणी वर्ष शोधू लागलं, तर ही तारीख त्याला चुकवेल.

म्हणून माझं भांडण अ‍ॅपशी नाही. बघायला पाठवलेली प्रत हीच आपण जपायची प्रत करून बसलो आहोत, त्याच्याशी आहे. 2023 मध्ये आलेला एचडी पर्याय बरा, पण त्यातही छाटणी होतेच. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर फाइल जशीच्या तशी जाते. मर्यादा 2 जीबीची, म्हणजे अख्खी वही सहज मावेल.

तुमच्या चुलतभावाच्या फोनमध्ये त्या पानांचे मूळ फोटो अजून असतील, तर तो फोन बदलायच्या किंवा जागा रिकामी करायच्या आत ते डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. आणि वही हाताशी असेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एका वेळी एकच पान घेऊन पुन्हा फोटो काढायला सांगा.