नवे प्लेस्टेशन आले, म्हणून जुने कंट्रोलर बाद करायचे का?

यंदा १ जूनला मासेमारी बंद झाली, नौका किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि त्यांच्यावरील जीपीएस, फिशफाइंडर व वायरलेस संच दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येऊ लागले, त्याच आठवड्यात आमच्या रत्नागिरीच्या घरी प्लेस्टेशन ५ हे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे सोनी कंपनीचे यंत्र आले. दहावी झाल्यावर घेऊ, असा शब्द मी मुलाला दिला होता. आमचे जुने प्लेस्टेशन ४ हे २०१७ सालचे आणि त्याच्याबरोबर वर्षागणिक जमत गेलेले चार ड्युअलशॉक ४ कंट्रोलर घरात आहेत. नव्या यंत्राच्या खोक्यातून मात्र एकच ड्युअलसेन्स कंट्रोलर निघाला. गणपतीला डोंबिवलीहून धाकट्या भावाची दोन मुले आणि चिपळूणहून बहिणीची मुलगी येणार, म्हणजे खेळायला चौघे बसणार, हे धरून मुलाने पहिल्याच दिवशी विचारले, "बाबा, आता आणखी तीन नवे कंट्रोलर घ्यावे लागतील ना?"

हा प्रश्न मी गंभीरपणे घेतला, कारण त्यात थोडेथोडके पैसे नाहीत. २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ भारतात आले तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सुट्या ड्युअलसेन्सची ५,९९० रुपये. त्या हिशेबाने तीन कंट्रोलर म्हणजे १७,९७० रुपये, यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. इतका खर्च करण्यापूर्वी जुने चार कंट्रोलर खरोखरच निरुपयोगी झाले आहेत का, हे तपासणे मला आवश्यक वाटले. दोन महिने वापरून, खोलून, मोजून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की बहुतेक घरांत एका नव्या कंट्रोलरची भर पुरेशी आहे, आणि तीही घाईने घालण्याची गरज नाही.

प्रथम नियम काय आहे ते सांगतो, कारण दुकानात तो अर्धवटच सांगितला जातो. ड्युअलशॉक ४ प्लेस्टेशन ५ ला जोडता येतो, पण त्याने फक्त प्लेस्टेशन ४ चे गेम खेळता येतात. खास प्लेस्टेशन ५ साठी केलेला गेम सुरू केला की ड्युअलसेन्सच लागतो. "जुना कंट्रोलर नव्या यंत्रावर चालत नाही" असे मला एका विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते, ते याच नियमाचे अर्धे सत्य होते. प्लेस्टेशन ४ च्या गेमांपैकी फार मोठा भाग नव्या यंत्रावर चालतो. एखाद्या गेमच्या दोन्ही आवृत्त्या असतील, तर चौघांनी मिळून खेळताना जुनी आवृत्ती लावली की एक ड्युअलसेन्स आणि तीन ड्युअलशॉक असे मिश्र कंट्रोलर घेऊन सगळे एकत्र बसू शकतात. आमच्याकडील फुटबॉलचा गेम प्लेस्टेशन ४ च्या डिस्कवर आहे आणि तो असाच चालतो. चित्र थोडे कमी रेखीव दिसते; पण गोल झाल्यावर खोलीत जो गलका होतो, त्यात मला काही फरक आढळला नाही. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. डिस्क ड्राइव्ह नसलेले स्वस्त यंत्र घेतले, तर कपाटातील जुन्या डिस्क त्यावर थेट लावता येत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर जुन्या कंट्रोलरांचा उपयोगही बराच कमी होतो. म्हणून कंट्रोलरचा विचार यंत्र निवडतानाच करावा.

इतर कंपन्यांचे धोरण वेगळे आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवर नव्या गेमांनाही चालतात, आणि मला तोच रास्त मार्ग वाटतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ ला आधीच्या स्विचचे जॉय-कॉन नावाचे कंट्रोलर बिनतारी जोडता येतात, पण यंत्राच्या कडेला बसवता येत नाहीत, कारण जुन्या खाचेऐवजी आता चुंबकाची जोडणी आहे. शिवाय नव्या जॉय-कॉनमधील माउससारखा वापर जुन्यात नाही.

नव्या ड्युअलसेन्सविषयी मला आकस नाही. उलट, तो हातात घेतल्यावर मी मनापासून थक्क झालो. जुन्या कंट्रोलरमध्ये कंपनासाठी एका बाजूला वजन लावलेल्या दोन छोट्या मोटारी असतात. त्या फिरल्या की सगळा कंट्रोलर एकसारखा थरथरतो. ड्युअलसेन्समध्ये त्याऐवजी ध्वनिवर्धकाच्या कॉइलसारख्या तत्त्वावर चालणारे भाग आहेत, त्यामुळे कंपन बारीक होते आणि त्याची जागाही कळते. यंत्रात आधीपासूनच असलेल्या अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम या गेममध्ये वाळूवरून चालणे आणि धातूवरून चालणे तळहाताला वेगवेगळे जाणवते. ट्रिगर, म्हणजे तर्जनीने दाबायच्या कळा, गेमप्रमाणे घट्ट किंवा सैल होतात. बॅटरी १००० ऐवजी १५६० मिलीअँपिअर-तासांची आहे आणि चार्जिंगचे तोंड यूएसबी-सी आहे. जुन्या मायक्रो यूएसबीची नाजूक जीभ वाकून, गंजून जायची, तो त्रास यात कमी आहे. मात्र हा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅमचा आहे आणि जुना सुमारे २१० ग्रॅमचा. बहिणीची मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्या हातात जुनाच नीट बसतो आणि तिने आपण होऊन तोच मागून घेतला.

तेव्हा एकट्याने बसून नवा, मोठा गेम खेळणाऱ्यासाठी खोक्यातील एक ड्युअलसेन्स ही उत्तम वस्तू आहे, आणि दोघांनी मिळून प्लेस्टेशन ५ चेच गेम खेळायचे असतील तर दुसरा घ्यावाच लागतो, हे मी मान्य करतो. माझा आक्षेप तिसऱ्या एका कारणाला आहे, आणि लोक बहुतेक वेळा तेच कारण सांगतात. "जुन्याची स्टिक आपोआप सरकते, म्हणून आता नवाच घेऊ."

स्टिक म्हणजे अंगठ्याने हलवायची छोटी दांडी. ती आपोआप का सरकते, हे समजण्यासाठी घरातला जुना रेडिओ आठवावा. आवाजाची खुंटी फिरवली की खरखर होते आणि एखाद्या जागी आवाज अचानक वाढतो. ती खुंटी म्हणजे पोटेन्शिओमीटर: आत कार्बनचा एक पातळ पट्टा असतो आणि त्यावर घासत सरकणारी धातूची जीभ असते. कंट्रोलरच्या प्रत्येक स्टिकखाली असे दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक डाव्या-उजव्या हालचालीसाठी आणि एक वर-खाली हालचालीसाठी. स्टिक मधोमध असताना जिभेवर साधारण निम्मे व्होल्टेज यावे, अशी रचना असते. खेळताना स्टिक हजारो वेळा मध्यावरून जाते, त्यामुळे पट्टा तिथेच सर्वांत जास्त झिजतो. झिजेची भुकटी जिभेखाली साठते, मधले व्होल्टेज थोडे वर किंवा खाली जाते, आणि यंत्राला वाटते की कोणीतरी स्टिक ढकलली आहे. मग पडद्यावरचा खेळाडू हात न लावता चालू लागतो. काही गेमांच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढवता येतो, म्हणजे मध्यावरील लहान हालचाल गेमने दुर्लक्षावी असे सांगता येते. सुरुवातीचा दोष त्याने झाकला जातो आणि कंट्रोलर आणखी काही महिने वापरता येतो. झीज मात्र थांबत नाही.

आपल्या किनाऱ्यावर या झिजेला समुद्राची साथ मिळते, आणि हे मी व्यवसायातून रोज पाहतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच वाऱ्याबरोबर येऊन यंत्राच्या आत बसलेल्या क्षारालाही सुटते. मिरकरवाडा बंदरातील नौकांवरून येणाऱ्या वायरलेस संचांत आवाजाची खुंटी आणि धातूचे संपर्क किती लवकर बिघडतात, ते तिथल्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे. आमचे घर समुद्रापासून फार दूर नाही. चारपैकी दोन कंट्रोलर मी खोलले तेव्हा संपर्काच्या पट्ट्यांवर पितळेच्या भांड्यावर चढावा तसा हिरवट कळंक होता आणि एका ट्रिगरची स्प्रिंग गंजून तुटण्याच्या बेतात होती. हे दोन्ही कंट्रोलर वर्षभर पेटीत पडून होते. वापरातल्या कंट्रोलरांपेक्षा पडून राहिलेल्यांची अवस्था वाईट होती, हे पाहून मला फार वाईट वाटले, कारण ती माझीच हयगय होती.

आता मुख्य मुद्दा असा आहे की नव्या ड्युअलसेन्सच्या स्टिकमध्येही पोटेन्शिओमीटरच आहेत. २६ जानेवारी २०२३ रोजी बाजारात आलेल्या महागड्या ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचा संपूर्ण भाग काढून नवा बसवण्याची सोय आहे, आणि ती चांगली सोय आहे, पण त्या भागाच्या आतही घासणारी जीभ आहेच. म्हणजे स्टिक सरकते म्हणून सहा हजार रुपये देऊन नवा कंट्रोलर घेतला, तर आपण झिजणारा तोच भाग नव्या वेष्टनात घेतो, आणि तीन-चार पावसाळ्यांनंतर त्याच दुखण्यासाठी पुन्हा दुकानात जातो.

या दुखण्यावर उपाय नाही असेही नाही. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या स्टिकमध्ये एक छोटे चुंबक असते आणि ते हलले की सेन्सर चुंबकीय क्षेत्रातील बदल मोजतो. त्यात काहीच घासत नाही, म्हणून मोजणारा भाग झिजत नाही. सेगा कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच तत्त्व वापरले होते. पंचवीस वर्षांहून जुने आणि सिद्ध झालेले तंत्र हाताशी असताना मोठ्या कंपन्या आपल्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये ते वापरत नाहीत, याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. ड्युअलशॉक ४ मध्ये बसणारी अशा हॉल स्टिकची मॉड्यूल, म्हणजे तयार जोडभाग, सुटी मिळतात, चुंबकावरच चालणाऱ्या नव्या टीएमआर प्रकारचीही मिळतात, आणि नव्या कंट्रोलरच्या तुलनेत त्यांचा खर्च फारच थोडा असतो.

ज्याला सोल्डरिंगचा सराव आहे, त्यालाच हे काम जमेल, हे स्पष्ट सांगतो. एका स्टिकच्या मॉड्यूलचे चौदा पाय बोर्डमधून सुटे करावे लागतात. उष्णता जास्त झाली तर बोर्डावरील तांब्याची वर्तुळे उखडतात आणि मग दुरुस्ती अवघड होते. जुने मॉड्यूल वाचवण्याच्या नादी न लागता ते कापून तुकड्या-तुकड्याने काढावे, म्हणजे बोर्ड सुरक्षित राहतो. नवे बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य कंट्रोलरला नव्याने ठरवून देणे, करावे लागते, नाहीतर मध्य चुकलेलाच राहतो. गावातील मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे काम सहज येते. फक्त कंट्रोलर वॉरंटीत असेल तर तो कोणीही खोलू नये, थेट कंपनीच्या सेवा केंद्राकडे द्यावा.

पैसे वाचवायचे म्हणून हुबेहूब दिसणारा नकली कंट्रोलर घेऊ नये. तीन वर्षांपूर्वी मी तसा एक ऑनलाइन मागवला होता. दुसऱ्या महिन्यात त्याचे बटण आत रुतले आणि आतल्या बॅटरीला साधे संरक्षक सर्किटही नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले. लहान मुलांच्या हातात अशी वस्तू देणे मला मान्य नाही.

जपणुकीविषयी थोडेसे. मृग लागण्यापूर्वी आमच्याकडे आता सर्व कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवले जातात आणि खेळून झाल्यावर परत त्यातच जातात. न वापरलेले कंट्रोलरही दर दोन महिन्यांनी काढून, सर्व बटणे व स्टिक फिरवून, बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवतो. गणपतीत मोदकाच्या तुपाचे हात पुसल्याशिवाय कंट्रोलरला लावायचे नाहीत, हा नियम सौभाग्यवतींनी केला आहे आणि तो सर्वांना लागू आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. चारपैकी दोन ड्युअलशॉकना हॉल मॉड्यूल बसवून झाली आहेत आणि दोन्ही नव्या यंत्रावर उत्तम चालत आहेत. तिसऱ्याला स्प्रिंग बदलून पुरेसे झाले, त्याच्या स्टिक अजून चांगल्या आहेत. चौथ्याची बॅटरी फुगली होती. ती मी ई-कचऱ्यासाठी वेगळी काढून ठेवली आणि त्याची बटणे, रिबन व ट्रिगर सुटे भाग म्हणून राखून ठेवले. त्यामुळे एक ड्युअलसेन्स आणि तीन ड्युअलशॉक मिळून चौघांची सोय झाली आहे. मुलाने चौघांना एकत्र खेळता येतील अशा प्लेस्टेशन ४ च्या गेमांची यादी करून टीव्हीशेजारी लावली आहे, आणि दुसरा ड्युअलसेन्स भाऊबीजेनंतर घ्यायचा, यावर आम्हा दोघांचे एकमत झाले आहे.