प्रायव्हेट की मेलने पाठवणे आता तरी थांबवा

आमच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळणाऱ्या संस्थेने पुन्हा एकदा प्रायव्हेट की, म्हणजे सर्व्हर उघडणाऱ्या गुप्त किल्लीची फाइल, झिप करून मेलने पाठवली आणि त्या झिपचा पासवर्ड त्याच पत्त्यावर दुसऱ्या मेलने धाडला. तळपायाची आग मस्तकात जाते! ज्याच्या हाती मेलबॉक्स लागेल त्याला दोन्ही मेल मिळणार, एवढे तरी सुरक्षेच्या नावाने दरमहा बिल लावणाऱ्यांना कळायला नको का?

मुळात ही की त्यांच्याकडे तयार झालीच का? ज्याला सर्व्हरवर जायचे आहे त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन हा की बनवणारा प्रोग्राम चालवावा, तयार झालेल्या दोन फाइलींपैकी डॉट पबने संपणारी, म्हणजे उघड करायला हरकत नसलेली पब्लिक की, तेवढी पाठवावी आणि दुसरी कोणालाही देऊ नये, इतके हे सरळ आहे. गुपित आधी पोहोचवल्याशिवाय सुरक्षित संवाद कसा साधायचा, या प्रश्नावर गुप्तलेखनाचे संशोधक डिफी आणि हेलमन यांनी 1976 साली मार्ग दाखवला, आणि आम्ही अजून गुपितच मेलने पोहोचवत बसलो आहोत.

झिप उघडल्यावर तर संताप दुप्पट झाला. फाइलीच्या पहिल्या ओळीत ‘बिगिन आरएसए प्रायव्हेट की’ होते, पण त्याखाली ‘एन्क्रिप्टेड’ असे सांगणारी ओळ नव्हती. म्हणजे पासफ्रेज, अर्थात कीच्या फाइलीला लावायचा पासवर्ड, विचारला गेला तेव्हा कोणीतरी नुसते दोनदा एंटर दाबले होते. फाइलीच्या त्या जुन्या साच्यात पासफ्रेज घातला असता तरी तो एमडी5 या झटपट होणाऱ्या गणिती प्रक्रियेतून एकदाच फिरवला जातो, त्यामुळे अंदाज करत सुटणाऱ्याला फारसा अडथळा होत नाही. एसएसएच-कीजेन ज्यात येते त्या ओपनएसएसएच सॉफ्टवेअरने 2014 मध्ये 6.5 आवृत्तीत बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ ठेवलेली प्रक्रिया वापरणारा नवा साचा आणला आणि 2018 मध्ये 7.8 पासून तोच मूळ पर्याय केला. आणि ही मंडळी अजून जुनाच साचा वापरतात!

तक्रार केली तर उत्तर काय, तर ‘की 4096 बिटांची आहे.’ लांबी घेऊन काय करायचे? डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये 2006 ते मे 2008 या काळात यादृच्छिकतेचा, म्हणजे की बनवायला लागणाऱ्या अंदाज न येणाऱ्या आकड्यांचा, स्रोत जवळजवळ चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या प्रोसेस क्रमांकापुरताच उरला होता. की कितीही लांब मागा, एका प्रकारच्या मशीनवर त्या लांबीच्या जेमतेम 32,767 वेगवेगळ्या की निघत होत्या आणि त्या सगळ्या आधीच काढून ठेवता येत होत्या. इथे तर तेवढेही कष्ट नकोत, कारण की मेलमध्येच पडली आहे.

शिवाय ही एकच की अख्ख्या टीमला वाटलेली. उद्या कोणी डेटाबेस पुसला, तर लॉगमध्ये सगळे एकच दिसणार. एक जण नोकरी सोडून गेला, तर त्याची प्रत परत कशी घेणार?

‘मेल डिलीट करा,’ असे आता त्यांनी कळवले आहे. बॅकअपमधल्या आणि डाउनलोड फोल्डरांमधल्या प्रतींचे काय? ऑथराइज्ड कीज या सर्व्हरवरच्या परवानगीच्या यादीतून या कीची ओळ आजच काढा आणि प्रत्येकाकडून त्याची स्वतःची पब्लिक की मागवा.