टेप त्यांचा, ओंडका आमचा आन घट पण आमचीच

ओंडक्याची गोलाई, म्हणजे घेर, मधोमध मोजायची असते, बुडाला नाही आन शेंड्याला पण नाही, हे ह्या धंद्यातलं शेंबडं पोरगं पण सांगेल. पण सोलापुरात लाकडाच्या वखारीत आमची ओंडक्यांची गाडी लागली रे लागली की माल घेणाऱ्या शेठचा माणूस टेप घेऊन बरोब्बर बारीक टोकाकडं पळतो, आन आवळतो असा की मारक्या म्हशीला दावं बांधलालाय.

हिशोब बगा आता. गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४, झाले घनफूट. गोलाई ४८ इंच आन लांबी १० फूट असली की बरोब्बर १० घनफूट येतात. खरं लाकूड त्यात पावणेतेराच्या आसपास असतंय! म्हणजे शेकडा एकवीस-बावीस तर नुसत्या सूत्रातच गेले, का तर म्हणे कापताना कडेचे गोलसर फाके निघतात, भुसा जातो. बरं बाबा, इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय, मान्य. पण त्याच्यावर परत टेप सरकवून ४८ चे ४४ करायचे, की १० चे राहतात ८.४. चार इंचात दीड घनफुटाच्या वर गिळलं, आन ते पण एका नगात, गाडीत किती नग असतात ते काय त्याला दिसत नाही व्हय.

एवढ्यावर पण भागत नाही. "साल जाड हाय, इंचभर कमी धरा." अरे सूत्रात आधीच कापलंय की! मग "टोक फाटलंय, फूटभर कट." आता फाटलंय कशानं? ओल्या लाकडातलं पाणी टोकाकडनं लवकर उडतं, मधलं तसंच राहतं, मग टोकाला चिरा पडणारच, आन इथं मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो. गाडी सकाळीच आलेली असते, शहरात जड गाड्यांना एन्ट्री बंद म्हणून हायवेला उन्हात थांबायचं, एन्ट्री सुरू झाली की शेठ जेवायला गेलेला, तिथनं पुढं "उद्या बघू". तुमच्याच दारात वाळलं आन कट आमच्या नावावर! बाभूळ टनावर विकायची म्हटलं तर अजून मज्जा, रोज वजन उतरतंय आन ड्रायव्हरचा भत्ता चढतोय. हायड्रा क्रेनचं भाडं, हमाली, वजनकाट्याची पावती, सगळं आमच्याच खिशातनं.

चिंचेचं तर विचारूच नका. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत चिंच हाय, म्हणून आधी तोडायची परवानगी, मग वाहतुकीचा पास, तेव्हा कुठं गाडी हलणार. आन सगळे कागद दाखवले तरी नाक्यावर तोंड वाकडंच (कागद पुरे असले की साहेबांना जास्त राग येतो, हा माझा अंदाज). आन इकडं सगळ्यांना लाकडी घाण्याचं तेल पायजे, स्टेटसला फोटो पायजे, शुद्ध म्हणून डबल पैसे मोजतील. अरे त्या घाण्याला लागणारं हेच चिंचेचं जाड, भरीव, बिनपोकळीचं लाकूड कोण आणतंय बे? त्याचा भाव विचारला की मात्र "काय ओ, लाकूडच तर हाय". जळणाच्या भावात मागतात, जळणाच्या!

आता मी काय करलालोय, गाडी भरतानाच प्रत्येक नगाच्या मध्यावर लाल पेंटचा पट्टा मारून गोलाई लिहितोय आन मोबाईलवर फोटो काढून ठेवतोय. परवा शेठला दाखवलं तर म्हणतो, "एवढा हुशार असशील तर दुसरीकडं घाल की." घातलं. बार्शी रोडच्या एका गिरणीवाल्यानं मधोमध मोजलं, गपचूप पावती फाडली. पैसे मात्र महिन्यानं देतो म्हणलाय, आन त्याचं काय करायचं ते आता कुणीतरी सांगा, कारण डिझेलवाला महिनाभर थांबणार नाही.