री-रिलीजच्या पोस्टरला दुय्यम म्हणणं आता पुरे

जुनी सिनेमाची पोस्टरं जमवणाऱ्या मंडळींत एक प्रश्न ठरलेला असतो, पोस्टर उलगडलं रे उलगडलं की पहिला तोच, "पहिल्या रिलीजचं आहे की नंतरचं?" आणि नंतरचं म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, भाव खाली येतो, कधी कधी तर "मग राहू द्या" म्हणून माणूस उठतोच. मला हे अजिबात पटत नाही, आणि आज जरा सविस्तर लिहितो का ते. आपल्याकडचा सिनेमा पहिल्या काही आठवड्यांत संपतच नव्हता. तो परत परत लागायचा, मॅटिनीला लागायचा, जत्रेतल्या तंबूत लागायचा, दहा वर्षांनी तालुक्याच्या टॉकीजला लागायचा, आणि आपल्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी "आम्ही थेटरात बघितला होता" म्हणून जे जे सिनेमे सांगितले त्यातले कितीतरी त्यांनी असे परत लागलेलेच बघितलेत. मग त्यांनी गावातल्या भिंतीवर जे पोस्टर बघितलं ते खोटं कसं?

थोडं मागे जाऊ. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा जाहिरात म्हणजे पेपरातला मजकूर आणि हँडबिलं. चित्राचं पोस्टर आपल्याकडे रुजवलं ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी, आणि हे व्हायचंच होतं, कारण ते आणि आनंदराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे, लांबून बघणाऱ्याचा डोळा कुठे थांबतो हे त्यांना हातानेच माहीत होतं. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'कल्याण खजिना'चं (१९२४) पोस्टर आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांत धरतात. मग पुढे कोल्हापूरचेच जी. कांबळे, 'मुघल-ए-आझम'ची रंगवलेली पब्लिसिटी त्यांची, आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये शिवाजी महाराजांचं जे अधिकृत चित्र लागतं तेही त्यांचंच. मुंबईत एस. एम. पंडित, होर्डिंग रंगवणारे तरुणपणीचे एम. एफ. हुसेन, नंतर जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून आलेले दिवाकर करकरे, ज्यांनी 'दीवार', 'अमर अकबर अँथनी' अशी पोस्टरं केली आणि रंगाचे जाड सुरीने ओढलेले फटकारे आणून सत्तरच्या दशकाचा चेहराच ठरवून टाकला. एवढी मोठी परंपरा आहे आणि त्यात मराठी माणसांचा वाटा केवढा आहे, तरी शाळेच्या चित्रकलेच्या पुस्तकात यातलं एक नाव मला कधी दिसलं नाही, असो.

आता मुद्द्याची गोष्ट, जी जमवणाऱ्यांनीसुद्धा फारशी मनावर घेतलेली नाही. जुनी पोस्टरं दगडावर छापायची, लिथो, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर कारागीर हाताने चित्र उतरवायचा आणि छपाई झाली की दगड घासून पुढच्या कामाला घ्यायचे. दगड घासला की ते पोस्टर जगातून गेलं, परत छापायची सोयच नाही! त्यामुळे आठ-दहा वर्षांनी वितरकाने तोच सिनेमा परत काढला, आणि जुना साठा संपलेला असला, तर पोस्टर नव्याने करावं लागायचं, बऱ्याचदा दुसऱ्याच आर्टिस्टकडून, दुसऱ्याच प्रेसमध्ये, तोवर बदललेल्या आवडीप्रमाणे. म्हणजे ज्याला आपण नंतरची कॉपी म्हणतो ते अनेकदा पूर्ण स्वतंत्र चित्र असतं. त्याच्यामागे वेगळा हात आहे, वेगळा विचार आहे, आणि तो हात कुणाचा होता हे शोधायच्या ऐवजी आपण त्याला सेकंड म्हणून बाजूला ठेवतो.

आणि विचार वेगळा म्हणजे किती वेगळा. सिनेमा पहिल्यांदा येतो तेव्हा पोस्टर बनवणाऱ्याला माहीत नसतं की लोकांना काय आवडणारे, तो अंदाज करतो. परत येतो तेव्हा माहीत असतं. मग जे गाणं गाजलं त्याचा प्रसंग पुढे येतो, पहिल्या वेळी कोपऱ्यात असलेला नट मधल्या काळात मोठा झालेला असला की त्याचा चेहरा वाढतो आणि बिचारा मूळ हिरो आकसतो. ही सरळ सरळ धंद्याची गोष्ट आहे, पण पब्लिकने त्या सिनेमातलं नेमकं काय उचलून धरलं याचा असा कागदोपत्री पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार? तेव्हा प्रेक्षकांचे सर्व्हे कोण करत होतं? समीक्षकांनी काय म्हटलं ते पेपरात आहे, थेटरात शिट्ट्या कशाला पडल्या ते या पोस्टरांत आहे.

परत लावण्याचा हा धंदा चालायचा कसा तेही सांगतो. देश टेरिटरींमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागांमध्ये वाटलेला, मुंबईच्या वितरकांची ऑफिसं मुख्यतः लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये, सिनेमाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतलेले, आणि प्रिंट म्हणजे ३५ एमएमची खरीखुरी रिळं, महागडी. मग प्रिंटचा जीव असेपर्यंत ती फिरवायची. आधी मोठं शहर, मग जिल्हा, मग तालुका, मग टुरिंग टॉकीज. शहरात सकाळच्या आणि मॅटिनीच्या खेळाला जुने सिनेमे कमी तिकिटात. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गेला, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो, पण त्यानंतर कित्येक वर्षं तो गावोगावी परत परत लागत राहिला ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. आणि प्रत्येक वेळी पोस्टरवर टॉकीजचं नाव आणि "रोज ३ खेळ"ची वेगळी पट्टी चिकटवायची. ती पट्टी असलेलं पोस्टर मिळालं तर कृपा करून पट्टी काढू नका हो, लोक पोस्टर स्वच्छ दिसावं म्हणून पाण्याने सोडवून टाकतात. ते पोस्टर नक्की कुठे लागलं होतं हे सांगणारा तोच तर एक तुकडा असतो.

ओळखायचं कसं हे बरेच जण विचारतात म्हणून लिहितो. अमेरिकेत नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी पोस्टरं पुरवायची आणि परत रिलीज असेल तर खाली कोपऱ्यात आर आणि वर्ष छापायची, त्यामुळे तिथल्या लोकांचं काम सोपं. आपल्याकडे असलं काही नाही, तीस बाय चाळीस इंचाचा कागद हातात घ्यायचा आणि स्वतः वाचायचा. सगळ्यात आधी खालची बारीक ओळ, प्रेसचं नाव-पत्ता. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पोस्टर १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, पिनकोड आलाच १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याआधी नुसतं बॉम्बे-४, बॉम्बे-७ असं असायचं. कुठे सेन्सॉरचं यूए, म्हणजे मुलांनी मोठ्यांबरोबर बघायचा सिनेमा असं प्रमाणपत्र, दिसलं तर ते १९८३ नंतरचं. इंग्रजी अक्षरात बॉम्बेच्या जागी मुंबई छापलंय तर बहुतेक १९९५ नंतरचं. मग भिंग घ्या. लिथोमध्ये हाताने काढलेल्या रेघा आणि वाळूसारखा अनियमित दाणा दिसतो, ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून प्लेट करून मशीनवर छापलेल्यात, ठिपक्यांची शिस्तीत जाळी, आणि छापील पोस्टरचा फोटो काढून परत छापलं असेल तर एका जाळीवर दुसरी जाळी बसून एक विचित्र लाटांसारखी नक्षी उमटते आणि बारीक अक्षरं भरून आल्यासारखी होतात. हे शेवटचं म्हणजे आजकालचं नकली, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं. याचा मला खरंच राग येतो. यात आणि १९७० च्या दशकात वितरकाने टॉकीजवर लावायला छापलेल्या पोस्टरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. नकली पोस्टर आज गिऱ्हाइकाला फसवायला बनवलंय, आणि री-रिलीजचं पोस्टर खऱ्या थेटरात, खऱ्या खेळासाठी, खळ लावून भिंतीवर जायला बनवलं होतं. दोघांना एकाच टोपलीत टाकू नका एवढीच विनंती. विकणाऱ्यांनी पण वर्ष स्पष्ट सांगावं, "जुनं आहे" म्हणजे उत्तर झालं का?

'मुघल-ए-आझम'चंच बघा. ५ ऑगस्ट १९६० ला मराठा मंदिरला लागला, बराचसा ब्लॅक अँड व्हाइट, थोडी रिळं रंगीत. दिग्दर्शक के. आसिफना सगळाच रंगीत करायचा होता. १२ नोव्हेंबर २००४ ला, दिवाळीत, तो पूर्ण रंगीत करून परत आला, आणि समोर त्याच दिवशी 'वीर-झारा' लागलेला. ४४ वर्षांनी! गंमत अशी की पोस्टरं तर १९६० पासूनच रंगीत होती, पेंटरने अनारकलीला रंग आधीच देऊन टाकला होता, सिनेमाला तिथे पोचायला इतकी वर्षं लागली. ही दोन्ही पोस्टरं शेजारी शेजारी लावून बघितली पाहिजेत, एक दुसऱ्याशिवाय अपुरं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तरी २००४ चं पोस्टर लोक फुकट दिलं तरी घेत नाहीत. अजून वीस-तीस वर्षांनी तेच शोधत फिरतील. रंगवण्याबद्दल लोकांची मतं वेगळी आहेत, मलाही 'नया दौर' आणि 'हम दोनो'चं रंगवणं पटलं नव्हतं, पण ते झालं ही घटना आहे आणि तिचा कागद जपायला हवा.

नंतर हे सगळं बसलं. व्हिडिओ आला, १९८२ ला रंगीत टीव्ही आला, १९९२ ला झी सुरू झालं, घरबसल्या जुना सिनेमा दिसायला लागल्यावर मॅटिनीला कोण जाणार. मराठा मंदिरला 'दिलवाले दुल्हनिया' चालत राहिला, पण तो गेलाच नव्हता, त्याची गोष्ट वेगळी.

आणि आता परत लाट आलीय, मी स्वतः फार खूश आहे याबद्दल. २०२२ ला जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अमिताभचे सुरुवातीचे सिनेमे थेटरात आणले, मग दिलीपकुमार, मग देव आनंदची शंभरी. २०२४ ला 'मंथन' कान्सहून आपल्याकडच्या थेटरात आला, तोच, गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. त्याच वर्षी 'तुंबाड' परत लागला आणि २०१८ पेक्षा जास्त कमावून गेला. २०२५ ला 'सैराट' परत, ऑगस्टमध्ये गुरुदत्तच्या शंभरीचे सिनेमे परत, 'शोले' मूळ शेवटासकट आधी इटलीत बोलोन्याला आणि मग डिसेंबरात इकडे. डिजिटलमुळे प्रिंट काढायचा खर्च राहिला नाही म्हणून हे शक्य झालं, उत्तमच झालं.

पण कागद कुठाय? यातल्या बहुतेक सिनेमांना मी गेलो ते थेटर वेगवेगळं, आणि बाहेर बहुतेक ठिकाणी एक स्क्रीन, त्यावर दहा सेकंद हे, दहा सेकंद ते, मध्येच पॉपकॉर्नची जाहिरात. काउंटरवर विचारलं पोस्टर मिळेल का, तर मुलगा बिचारा गोंधळून बघतो, "सर क्रिएटिव्ह मोबाईलवर आहे ना". मोबाईलवर आहे ते चार वर्षांनी कुठे असणार? १९२४ चा कागद शंभर वर्षं टिकला. आणि आजच्या या लाटेचं, जी खरोखर इतिहासात नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे, काहीच उरणार नाही. निर्मात्यांना माझं एवढंच सांगणं आहे की प्रत्येक री-रिलीजला निदान थोडीशी पोस्टरं नीट छापा, वर्ष छापा, आर्टिस्टचं नाव छापा, हवं तर विका, आम्ही रांग लावून घेऊ. आणि मूळ पोस्टर एआयने गुळगुळीत करून वापरू नका, करकरेंच्या सुरीचा फटकारा पुसून तिथे प्लास्टिकसारखे गाल केलेले बघवत नाहीत.

शेवटी कामाचं. गावोगावच्या सिंगल स्क्रीन बंद पडतायत, मंगल कार्यालयं आणि मॉल होतायत, आणि त्यांच्या माळ्यावर, प्रोजेक्टर रूमच्या मागे, बुकिंगच्या खोलीत पोस्टरांचे गठ्ठे आहेत जे रद्दीवाल्याकडे किलोवर जातात. तुमच्या ओळखीत कुणाचं टॉकीज असेल तर या आठवड्यात फोन करा. गठ्ठा मिळाला तर घाईने उलगडू नका, घडीवर कागद ठिसूळ झालेला असतो, फाटतो. सेलोटेप लावू नका, त्याचा पिवळा डाग कायमचा बसतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. सपाट, कोरड्या जागी, उन्हापासून लांब, मध्ये आम्लरहित कागद घालून ठेवा. सांभाळायला जागा नसेल तर पुण्याला लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून, त्यांच्याकडे पोस्टरं, गाण्याच्या पुस्तिका सगळं जपतात, त्यांना विचारा. आणि गठ्ठ्यात वरवर बघून "हे नंतरचं दिसतंय" म्हणून काही बाजूला काढू नका, आहे तसा सगळा ठेवा. कुणाला पुणे, सातारा, कोल्हापूर भागातल्या बंद टॉकीजबद्दल माहिती असेल तर खाली लिहा, मी गाडी घेऊन यायला तयार आहे.