जोडाक्षरं युनिकोडमुळे तुटत नाहीत: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, एक सोसायटीचा, एक नातेवाइकांचा आणि दोन जुन्या डीटीपीवाल्यांचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांचे. म्हणणं थोडक्यात असं की मराठी टायपिंग करणाऱ्यांनी युनिकोडच्या (प्रत्येक भाषेतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नादी लागू नये, कारण त्यात जोडाक्षरं तुटतात, ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’ होतं, मराठी कीबोर्ड टाकला की शॉर्टकट बिघडतात आणि भाषा आपोआप बदलते, इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची कीबोर्डवरची ठरलेली मांडणी) शिकायला सहा महिने जातात, अक्षर कुरूप दिसतं, फाइल तिप्पट जड होते, तेव्हा कृती देवसारखा आपला जुना फॉन्टच बरा. खाली नेहमीचं, जास्तीत जास्त मराठी बांधवांपर्यंत पोचवा.

मी पंधरा वर्षं डीटीपी केलंय आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं जुन्या फॉन्टवरच काढलीत. या मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक त्रास मी स्वतः बघितलाय, त्यामुळे लिहिणारा माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण सगळं खापर युनिकोडवर फोडलंय ते चूक आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झालाय, आणि शेवटचा सल्ला मानला तर लोकांचं खरंच नुकसान होईल म्हणून एवढं लिहितोय.

आधी जोडाक्षरं. युनिकोडमध्ये कॉम्प्युटर फक्त अक्षरांचा क्रम साठवतो, म्हणजे ‘क्ष’ म्हटलं की क, मग हलन्त, मग ष. ते तीन मिळून एक आकार दाखवायचं काम फॉन्ट आणि तो प्रोग्राम दोघं मिळून करतात. तुटलेलं दिसलं तर त्या दोघांपैकी एकाला ते येत नाही एवढाच अर्थ, तुम्ही टाइप केलेलं तसंच शाबूत असतं. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामला हे कधीच येत नव्हतं, त्याची शेवटची 7.0 आवृत्ती 2001 सालची आहे आणि त्यात युनिकोड चालतच नाही, तिथे मेसेजवाल्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनमध्ये तुटत असेल तर पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडा, त्याच मजकुरातली सगळी जोडाक्षरं जागच्या जागी जुळतात, एक अक्षर परत टाइप करावं लागत नाही. मी एका छापखान्यात हे करून दाखवलं तेव्हा तिथला ऑपरेटर दोन मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत होता, कारण त्याने आधीचे तीन दिवस प्रत्येक तुटलेल्या शब्दाचं चित्र करून डकवण्यात घालवले होते.

दुसरा प्रकार म्हणजे वेलांटीच्या शेजारी तुटक ठिपक्यांचं वर्तुळ येतं. हे रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, शिकलेल्यांचं जास्त होतं, कारण टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर मारायची सवय असते. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं, आधी क मग वेलांटी. ते वर्तुळ सांगत असतं की वेलांटीला टेकायला अक्षर मिळालं नाही.

आणि ‘दऱ्या’. युनिकोडमध्ये साधा र वेगळा आणि खाली टिंब असलेला ऱ वेगळा. र, हलन्त, य असं लिहिलं तर रफार येऊन समुद्रवाला दर्या होतो, आणि ऱ, हलन्त, य असं लिहिलं तर डोंगरातल्या दऱ्या. इनस्क्रिप्टवर र ‘जे’ या कळीवर आहे आणि ऱ त्याच कळीवर शिफ्ट धरून. म्हणजे आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक एका शिफ्टचा आहे.

आता शॉर्टकट आणि आपोआप बदलणारी भाषा. या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे कारण मला येणाऱ्या दहा फोनमधले सात यासाठीच असतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी सोसायटीच्या नोटिसा लिहितात, त्यांचा परवा रात्री साडेदहाला फोन, अहो कीबोर्ड बिघडला, इंग्रजी मारते तर मराठी उमटतंय आणि लॅपटॉप पासवर्डपण घेत नाहीये. कीबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते, ही सोय पहिल्यापासून चालूच असते, आणि घाईत टाइप करताना ती दोन बोटं कधी एकत्र पडतात ते कळतही नाही. पासवर्ड मराठी कीबोर्डवर मारला जात होता, आणि तिथे सगळे ठिपकेच दिसतात म्हणून वहिनींना समजायला मार्ग नव्हता. घड्याळाशेजारी कोपऱ्यात चालू भाषा दिसते, पहिली नजर तिथे टाकायची.

कायमचा उपाय करायचा तर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आणि खाली ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ अशी निळी ओळ असते (हे विंडोज 11 चं सांगतोय, 10 मध्ये वाट थोडी वेगळी पण खिडकी तीच). ती उघडली की ‘चेंज की सीक्वेन्स’ बटण आहे. तिथे दोन रकाने दिसतात, एक भाषा बदलण्याचा आणि एक त्याच भाषेतला कीबोर्ड बदलण्याचा, दोन्हीकडे ‘नॉट असाइन्ड’ करून टाका. दुसरा रकाना विसरू नका, कारण तुम्ही मराठीत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायचा) असे दोन कीबोर्ड ठेवले असतील तर कंट्रोल आणि शिफ्ट नुसते दाबून सोडले तरी एकाचा दुसरा होतो, कोपऱ्यात भाषा मराठीच दिसत राहते आणि हाताखाली भलतीच अक्षरं येतात. हे मला स्वतःला समजायला फार वेळ लागला होता. भाषा बदलायला मग विंडोज + स्पेस राहतंच, ते चुकून दाबलं जात नाही.

त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट आहे जी फारच थोड्या लोकांनी उघडून बघितली असेल. खालच्या यादीत मराठीच्या ओळीवर क्लिक करून परत ‘चेंज की सीक्वेन्स’ केलं की मराठीसाठी स्वतःचा शॉर्टकट देता येतो, डावा ऑल्ट + शिफ्ट + एखादा आकडा. मी इंग्रजीला 1 दिलाय आणि मराठीला 2. फायदा असा की आता कुठली भाषा चालू आहे हे बघायचीच गरज नाही, मराठी हवी की 2, आधीच मराठी असेल तर मराठीच राहते. फिरत्या बटणाने एकदा जास्त दाबलं म्हणून परत मागे या, हा प्रकारच संपला.

वर्डमध्ये एवढं करूनही भाषा बदलत असेल तर तो वर्डचा उद्योग आहे. कर्सर इंग्रजी शब्दाजवळ नेला की वर्ड आपणहून इंग्रजी कीबोर्ड लावतो आणि मराठीजवळ नेला की मराठी. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे ‘ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड’ अशी सुरुवात असलेल्या ओळीसमोरची खूण काढा. आणि ज्यांना वर्डमध्ये कायम मराठी आणि ब्राउझरमध्ये कायम इंग्रजी लागतं त्यांनी मघाच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्येच प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवायची खूण आहे ती करा.

राहिला आरोप शॉर्टकट बंद पडण्याचा. विंडोजवर मराठी चालू असतानाही कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही, कंट्रोल + एस नेहमीसारखे चालतात, कारण तिथे कुठली कळ दाबली हे बघितलं जातं, तिच्यावर आत्ता कुठलं अक्षर आहे हे नाही. आत्ता करून बघा. काही वेबसाइट मात्र एकेका अक्षराच्या शॉर्टकटवर चालतात आणि तिथे अक्षरच तपासतात, त्यांना मराठी अक्षर मिळालं की काही होत नाही, तेवढ्यापुरतं इंग्रजीवर यावं लागतं, हे मान्य.

इनस्क्रिप्टला सहा महिने लागतात हे मी तरी बघितलं नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, मधल्या ओळीत उजवीकडे प र क त च ट आणि शिफ्ट धरला की फ ऱ ख थ छ ठ. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला यात घोकण्यासारखं फार कमी आहे. ‘किती’ हा शब्द चार कळा, के, एफ, एल, आर, आणि पहिल्याच दिवशी बोटाला बसतो. मराठी चालू करून विंडोज + कंट्रोल + ओ दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येतो आणि त्यावर मराठी अक्षरं दिसतात, स्टिकर लावायची गरज नाही. वहिनी रोज वीस मिनिटं बसल्या आणि महिन्याच्या आत न बघता नोटीस लिहायला लागल्या. नसेल शिकायचं तर 2019 पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक आहे, इंग्रजी स्पेलिंगने मारा आणि मराठी घ्या, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं कारण नाही. विकत घ्यावं लागतं हा समज मला वाटतं विंडोज एक्सपीच्या काळातला आहे, तेव्हा कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करावी लागायची आणि मग कॉम्प्युटर विंडोजची सीडी मागायचा, ती कोणाकडेच नसायची.

कुरूप अक्षराचं म्हणाल तर लोक मंगल फॉन्ट बघून सगळ्या युनिकोडला नाव ठेवतात. मंगल आपल्याच र. कृ. जोशींनी केलाय, कवी आणि सुलेखनकार, आणि तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला फॉन्ट आहे, लग्नपत्रिकेला तो लावायचाच कशाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, आणि ज्यांना मराठी वळणाचा ल आणि श हवाय त्यांच्यासाठी टिरो देवनागरी मराठी आहे, तोही फुकट.

तिप्पट जड फाइल. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं हे खरंय. दोन हजार अक्षरांचं पान धरलं तर सहा केबी, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक सव्वा एमबीच्या आत. मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. हां, एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात तिथे मराठीची 70, तो तोटा खरा आहे.

आता शेवटचा सल्ला, जुना फॉन्टच बरा. कृती देवमध्ये ‘कमल’ टाइप केलं तर फाइलमध्ये कमल नसतंच, तिथे डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. फॉन्ट काढला की खाली तेवढंच उरतं. म्हणून ते शोधता येत नाही, नावं अकारविल्हे लावता येत नाहीत, आणि एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला कमलऐवजी तीच इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. युनिकोड मराठी तो वाचून दाखवतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी जुन्या फॉन्टकडे परत जाणार नाही.

माझ्याकडे मध्यंतरी एक काका पेन ड्राइव्ह घेऊन आले होते, त्यांच्या गावच्या वाचनालयाची 2006 सालची स्मरणिका. टाइप करणारं दुकान बंद झालेलं, फॉन्टचं नाव कोणाला आठवेना, छापील प्रत एकच आणि तीही वाळवी लागलेली. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि मधेमधे स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. काका म्हणाले, यात माझ्या वडिलांनी लिहिलेला विहिरीचा इतिहास आहे. त्या छापील प्रतीतल्या एका पानाशी ताडून ताडून फॉन्ट कुठल्या घराण्यातला ते ओळखलं, कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) काढलं, आणि दोन रविवार आम्ही दोघं बसलो, ते मोठ्याने वाचायचे आणि मी दुरुस्त करायचो. झाल्यावर कंट्रोल + एफ दाबून त्यांच्या वडिलांचं नाव टाकलं. अकरा ठिकाणी सापडलं, त्यातली चार काकांनाही माहीत नव्हती.

तुमच्याकडे अशा जुन्या फायली असतील तर तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर अजून आहे तो चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, रफार, ऱ्य, क्ष आणि पहिली वेलांटी या चार जागी हमखास चुका राहतात. ॲ पण बघा, हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 ला आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, दिसायला सारखं पण शोधताना वेगळं, म्हणून कंट्रोल + एचने (शोधून बदलायची सोय) सगळीकडे एकच करून घ्या (वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर 0972 लिहून ऑल्ट + एक्स दाबलं की ॲ मिळतो). आणि मूळ फाइल टाकून देऊ नका, तिच्या फॉन्टसकट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरला फॉन्टचं नाव द्या.